चोपन्न इंचांची काठी

तिन्ही गाड्या पाहायला गेले तेव्हा
माझ्या हातात झाडूचा दांडा होता,
बरोब्बर चोपन्न इंच कापलेला.
उभ्या पियानोचं काळीज बाहेर काढलं
की तेवढंच भरतं:
अठ्ठ्याऐंशी हातोड्या, लोकर, बारीक स्प्रिंगा.
तारा घरीच राहतात, रुसलेल्या.

सेल्समन केंडल पडद्याचे इंच सांगत होता.
मी मागची सीट आडवी केली, काठी ठेवली.
पहिलीत ती तिरकी बसली,
चर्चच्या बाकावर उशिरा आलेल्या माणसासारखी.
दुसरीत सपाट झोपली, पण चढावर
इंजिन एकच खर्ज धरून बसलं,
वेग येईना, सूर सुटेना.
"हिला गिअर नाहीत, पट्टा आहे," केंडल कौतुकानं म्हणाला.
ऐकू येतंय, म्हटलं.

तिसरीचं दार लावलं,
उघडलं,
पुन्हा लावलं.
काठोकाठ भरलेल्या पिठाच्या डब्याचं झाकण
बसतं ना, तसं.

वहीत सगळं होतं: जमिनीपासूनची उंची,
गॅलनला मैल, बर्फात थांबायला किती फूट,
गरम होणारी सीट कुठल्या मॉडेलपासून.
बेरजेत दुसरी पुढे होती.
मी तिसरी घेतली.
बहीण मोरीन अजून विचारते, मग वही कशाला?

व्हरमाँटमध्ये हिवाळा आणि वसंताच्या मधे
एक ऋतू असतो, त्याला नुसतं चिखल म्हणतात.
कच्चे रस्ते विरघळतात.
एकदा चाक चाकोरीत शिरलं
की तुम्ही कुठे जायचं
ते कालच्या दूधवाल्या टँकरनं ठरवलेलं असतं.

एप्रिलच्या अकरा तारखेला, हॉलिसच्या टेकडीवर
अर्मांड फोर्निएचा ट्रक आसापर्यंत रुतलेला.
हाच तो अर्मांड. भर दुकानात, चाऱ्याच्या पोत्यांवर बसून
त्यानं विचारलं होतं, "ही गाडी आहे की बूट?"
मी चाकोरी सोडली.
दोन चाकं कडेच्या गवतावर,
दोन मधल्या उंचवट्यावर,
घाई नाही, ब्रेक नाही.
पायाच्या तळव्याला कळतं
चौघींत काम कसं वाटलं जातंय ते.
एक घसरली की दुसरी म्हणते, दे इकडे.

त्याला ओढून काढायची तिची ताकद नाही.
हेही वहीत लिहायला हवं.
म्हणून तो शेजारी येऊन बसला,
गुडघे वर, बूट वर्तमानपत्रावर,
आणि मागे हॉलिसच्या आईच्या पियानोचं काळीज
दुरुस्त होऊन घरी निघालेलं.
दर खड्ड्याला अठ्ठ्याऐंशी हातोड्या शहारत होत्या.
"हे काय वाजतंय?"
"सीट गरम करू का तुझी?"
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, "हं."

आता खरं सांगते.
ताशी बासष्ट मैलांना मागच्या दारात काहीतरी गुणगुणतं.
एखादा स्क्रू असेल, एखादी चिपळी.
लोकांच्या घरातले बेसूर काढून माझं पोट चालतं,
दहा मिनिटांत सापडलं असतं.
दोन वर्षं झाली.
एकसष्टला ते गप्प असतं, त्रेसष्टलाही,
आणि कधीकधी रिकाम्या हायवेवर
मी मुद्दाम बासष्टवर थांबते.

सभागृहाबाहेर गाड्या लागल्या की अजूनही
एकेकीच्या पोटाखाली वाकून बघते,
मनातल्या मनात काठी आत ठेवते.
केंडलनं परवा नवीन मॉडेलचं पत्रक पाठवलं.
दार कसं लागतं ते त्यात नाही.

कामं आटोपली की टेकडीच्या माथ्यावर इंजिन बंद.
मांडीवर अंड्याचं सँडविच,
काचेवर वाळत चाललेला चिखल.
लोखंड निवत जातं,
टिक्,
टिक्,
दर वेळी मागच्यापेक्षा जरा उशिरा.
मी मोजत बसते.
याचे कुणी पैसे देत नाही.